सापडेल तोच पक्षी पाडायचा : मिनेसोटातल्या तळ्यावर बदकांची सकाळ

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या पश्चिम भागाचा, फर्गस फॉल्स गावाच्या आसपासचा नकाशा उघडला की निळे ठिपकेच ठिपके दिसतात. हिमयुगाच्या शेवटी बर्फ मागे हटला आणि जमिनीत जे खड्डे राहिले, ती ही तळी. काही दोन एकरांची, काही दोनशे. उत्तर अमेरिकेतल्या बदकांचा मोठा हिस्सा याच पट्ट्यात अंडी घालतो आणि सप्टेंबरअखेरीपासून उत्तरेकडचे थवे इथे मुक्काम करत दक्षिणेला सरकतात. यातली बरीच तळी केंद्र सरकारने वॉटरफाउल प्रॉडक्शन एरिया, म्हणजे पाणपक्ष्यांच्या विणीच्या राखीव जागा, म्हणून विकत घेतली आहेत आणि ती शिकारीला खुली आहेत. त्यातला मोठा पैसा शिकाऱ्यांच्याच खिशातून आला. 1934 पासून इथे बदकांच्या शिकारीसाठी डक स्टॅम्प, म्हणजे केंद्र सरकारचं परवान्याचं तिकीट, घ्यावं लागतं. वय 16 किंवा जास्त असेल तर सुटका नाही. सध्या ते 25 डॉलरला मिळतं आणि दर डॉलरमागे 98 सेंट पाणथळ जागा राखण्यावर जातात.

भारतात राहणाऱ्या वाचकांसाठी आधीच स्पष्ट सांगतो. तिकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे सगळं बंद आहे आणि ते बंदच राहायला हवं. उजनी, जायकवाडी, नांदूर मधमेश्वरला हिवाळ्यात उतरणारं तलवार बदक किंवा थापट्या दुर्बिणीतूनच बघायचा. इकडे 1955 पासून दर वसंतात विमानातून बदकांची मोजणी होते आणि त्या आकड्यांवर हंगाम किती दिवसांचा आणि माणशी किती पक्षी, हे ठरतं. इथली शिकार चालते ती या हिशोबाच्या चौकटीत. एक पक्षी पाडला आणि सापडला नाही, तर तो हिशोब बिघडतो. कुत्रा सोबत लागतो तो यासाठी. पाणकणसाच्या दाट रानात पडलेलं जखमी बदक माणसाला दहा फुटांवरूनही दिसत नाही.

इथे लिहितोय ती ऑक्टोबरच्या मध्यातली साधी सकाळ: दोन शिकारी, एक लॅब्रेडोर, थव्यांना भुलवायला डझनभर नकली बदकं, आणि गाडीपासून चालत जाता येईल असं तळं. मोटरबोट नाही, मोठी तयारी नाही.

सकाळ सुरू होते आदल्या संध्याकाळी. सूर्यास्ताआधी तासभर आम्ही रस्त्याच्या कडेला गाडीत बसून दुर्बीण लावतो. तळ्यावर बदकं किती आहेत त्यापेक्षा ती कुठे बसतात ते बघायचं असतं. मॅलार्ड, गडवाल, टील ही बदकं चरायला बुडी मारत नाहीत, शेपूट वर करून डोकं पाण्यात घालून चरतात. त्यांना गुडघ्याएवढं किंवा त्याहून उथळ पाणी लागतं. त्यामुळे दोनशे एकरांच्या तळ्यातही ती एखाद्याच कोपऱ्यात दाटीने असतात. आपण बसायचं ते त्या कोपऱ्यात. गाडीतळाजवळच्या सोयीच्या किनाऱ्यावर बसून सकाळभर लांबून जाणारे थवे बघणारे पुष्कळ असतात, आणि मग तेच साठ-सत्तर यार्डांवरून बार टाकायला लागतात. पक्षी जखमी होऊन निघून जातात ते बहुतेक अशाच बारांनी.

दुसरं बघायचं ते वाऱ्याचं. बदक वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतं. वारा आपल्या पाठीवर असेल तर ती समोरून, थेट तोंडावर येतात. वारा समोरून असेल तर पाठीमागून डोक्यावरून येतात, आपल्याला बघतात आणि वळतात. म्हणून पुस्तकी सल्ला असतो की वारा पाठीवर घ्या. कुत्रा सोबत असेल तर आम्ही तो थोडा बदलतो आणि वारा तिरका घेतो, पाठीमागून पण एका खांद्यावरून. वारा सरळ पाठीवर असला की पडलेला पक्षी आपल्यापासून दूर, उघड्या पाण्यात वाहत जातो आणि थंड पाण्यात कुत्र्याला दुप्पट पोहावं लागतं. तिरक्या वाऱ्यात तोच पक्षी किनाऱ्याला समांतर सरकतो आणि पुढच्या वळणावर काठच्या गवतात अडकतो. तिथे कुत्रा चालत पोचतो, आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूने गेला तर त्याला वासही लागतो.

कागदपत्रं रात्रीच खिशात जातात: राज्याचं स्मॉल गेम लायसन्स (लहान प्राणी-पक्ष्यांच्या शिकारीचा परवाना), राज्याचा वॉटरफाउल स्टॅम्प, केंद्राचा डक स्टॅम्प आणि एचआयपी नोंदणी (शिकारीच्या सरकारी मोजणीसाठीची). 1979 नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटात बंदूक सुरक्षेचं प्रमाणपत्रही लागतं. नियमांची पुस्तिका दर वर्षी नवी वाचावी, कारण काही जातींची मर्यादा बदलत असते. सर्वसाधारण मर्यादा माणशी दिवसाला 6 बदकं. त्यात मॅलार्ड 4 आणि त्यातल्या माद्या 2 च्या वर नाहीत, वुड डक 3. तलवार बदक, रेडहेड, कॅनव्हासबॅक यांचे वेगळे आकडे आहेत. म्हणजे बार टाकण्याआधी पक्षी ओळखता आलाच पाहिजे.

बंदूक 12 गेजची. काडतूस 3 इंची, सव्वा औंस स्टीलचे छर्रे, 2 किंवा 4 नंबरचे (नंबर जितका लहान तितका छर्रा मोठा). शिशाचे छर्रे बदकांसाठी देशभर 1991 पासून बंद आहेत. बदकं दाणे दळण्यासाठी खडे गिळतात, त्यात तळाशी पडलेले शिशाचे छर्रेही पोटात जातात, पेषणीत झिजतात आणि पक्षी विषबाधेने मरतो. त्याला खाणारा गरुडही मरतो. स्टील शिशापेक्षा हलकं असल्याने लवकर वेग गमावतं, म्हणून छर्रा दोन नंबर मोठा घ्यायचा आणि अंतर कमी ठेवायचं. शिवाय स्टीलचे छर्रे घट्ट गुच्छाने जातात, म्हणून नळीला फुल चोक, म्हणजे तोंड सगळ्यात अरुंद करणारा तुकडा, लावायचा नाही. इम्प्रूव्ह्ड सिलिंडर किंवा मॉडिफाइड हा त्याहून सैल चोक पुरतो. जुन्या पातळ नळीच्या बंदुकीत स्टील घालूच नये. तिच्यासाठी बिस्मथची काडतुसं मिळतात, महाग असतात. कोणतीही जोडी असो, हंगामाआधी मोठ्या कागदावर 30 यार्डांवरून दोन-तीन बार टाकून 30 इंची वर्तुळात छर्रे कसे पसरतात ते बघावं. गुच्छात हाताच्या पंजाएवढी भोकं दिसली तर चोक किंवा काडतूस बदलायचं. आणि बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं बसतील असा प्लग मॅगझिनमध्ये हवा. साफसफाईत काढलेला प्लग परत घालायचा राहतो आणि वॉर्डनच्या तपासणीत दंड होतो, हे नेहमीचं आहे.

आता कुत्रा. पाणथळावर नेण्याआधी त्याला दोन गोष्टी पक्क्या यायला हव्यात. बाकीचं काम करता करता शिकतो.

पहिली, बंदुकीच्या आवाजाची सवय. पिल्लाला शूटिंग रेंजवर नेऊन "बघू घाबरतं का" करणं हा कुत्रा बिघडवण्याचा हमखास मार्ग आहे. एकदा भीती बसली की महिनोन्महिने निघत नाही, कधी निघतच नाही. पद्धत अशी: पिल्लू फेकलेल्या बंपरमागे (सरावाच्या नकली पक्ष्यामागे) जीव तोडून धावत असताना शंभर यार्डांवरून मदतनीसाने खोट्या काडतुसाचा एक बार काढायचा. पिल्लाने मान वळवली नाही तर पुढच्या वेळी थोडं जवळून. कान पाडले, थांबलं, तर लगेच मागे जायचं, दिवसाचं काम संपलं. महिनाभरात आवाज म्हणजे काहीतरी पडणार, हे त्याच्या डोक्यात बसतं.

दुसरी, बसून राहणं. बार झाला, पक्षी पडला, तरी नाव घेतल्याशिवाय जागा सोडायची नाही. स्पर्धांमध्ये याला गुण मिळतात म्हणून हे करायचं नसतं. दोन माणसांच्या हातात भरलेल्या बंदुका असताना जो कुत्रा स्वतःहून उडी मारतो, तो खाली येणाऱ्या दुसऱ्या पक्ष्याच्या आणि नळीच्या मधे येतो. ज्याचा कुत्रा बसून राहत नाही त्याने त्याला छोट्या दोरीने खुंटीला अडकवावं आणि पाठवताना सोडावं. त्यात कमीपणा काही नाही.

सूर्य या दिवसांत 7:40 च्या सुमारास उगवतो. कायद्याने बार त्याआधी अर्ध्या तासापासून, म्हणजे 7:10 पासून. आम्ही पावणेसहाला गाडी लावतो. कुत्र्याचं पोटभर जेवण आदल्या रात्रीच झालेलं असतं. सकाळी फक्त पाणी आणि मूठभर खाणं. भरल्या पोटी पळवलं, पोहवलं तर पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो आणि मोठ्या छातीच्या कुत्र्यांत तो जीवघेणा ठरतो. अगदी उपाशीही ठेवायचं नाही. थंड पाण्यात काम करताना साखर उतरते, म्हणून साडेआठ-नऊला पुन्हा थोडं द्यायला खिशात बिस्किटं ठेवतो.

वेडर्स (छातीपर्यंतचे जलरोधक बूट-पँट) घातले की कमरेचा पट्टा आवळायचा. पाय घसरला तर आत पाणी भरायला तोच अडवतो. तळ चिखलाचा असतो, हातात काठी हवी आणि पाय टाकताना आधी चाचपायचं. मस्करॅटने (पाण्यात राहणाऱ्या घुशीसारख्या प्राण्याने) पोखरलेली भगदाडं किनाऱ्याजवळच असतात. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा इथेच काढून खिशात घालतो. पाण्याखालच्या फांदीत तो अडकला तर कुत्रा निसटू शकत नाही.

नकली बदकं बारा पुरतात. प्रत्येकाला शंभर-सव्वाशे ग्रॅमचं वजन आणि पाण्याच्या खोलीच्या दीडपट दोरी. दोरी कमी पडली की वाऱ्यात वजन उचललं जातं आणि बदक वाहत जातं. फार लांब झाली की शेजारच्या दोरीत गुंतते. मांडणी ढोबळमानाने इंग्रजी जे अक्षरासारखी. वाऱ्याच्या वरच्या अंगाला दाटी, मग खाली उतरत जाणारी शेपटी, आणि मधे आमच्यापासून वीस-पंचवीस यार्डांवर मोकळं पाणी. बदकं त्या मोकळ्या जागेत उतरतात. सगळ्यात लांबचं नकली बदक मोजून 35 यार्डांवर ठेवतो. त्याच्या पलीकडच्या पक्ष्यावर बार टाकायचा नाही, एवढा साधा नियम. अंधूक उजेडात डोळ्याला अंतर कळत नाही, ते बदक सांगतं. आणखी एक काळजी घ्यावी लागते. ज्या टोकाला कुत्रा बसणार त्या बाजूला मांडणीत तीन-चार हातांची वाट सोडायची. नाहीतर पोहत जाताना त्याच्या पायात दोरी अडकते आणि तो मागे नकली बदक ओढत गोंधळतो. नव्या कुत्र्याला हीच नकली बदकं घरच्या हिरवळीवर मांडून त्यांच्यामधून बंपर आणायला आधी शिकवावं, म्हणजे तो पाण्यात नकली बदकच उचलून आणणार नाही.

दोन नकली बदकांना एक लांब दोरी बांधून तिचं टोक हातात घेतो. वारा पडला की दोरी ओढायची, पाण्यावर तरंग उठतात. निश्चल पाण्यावर निश्चल बदकं आकाशातून लगेच ओळखू येतात. पहाटे हिम पडलं असेल तर नकली बदकांच्या पाठीवर पांढरा थर चमकतो. तो पाणी मारून घालवायचा.

आम्ही पाणकणसाच्या कडेला दोन बादल्यांवर बसतो. कुत्र्यासाठी जाळीचा ठोकळा असतो, त्याचे चार पाय खालीवर करता येतात. तो पाण्याच्या वर चार बोटं राहील असा लावायचा. कुत्र्याला पोटापर्यंत पाण्यात तासभर बसवून ठेवलं तर एकही पक्षी आणण्याआधीच तो गारठतो. ठोकळ्याची जागा काळजीपूर्वक ठरवावी लागते. कुत्रा एका टोकाला, त्याच्या मालकाच्या बाजूला, आणि नळीच्या तोंडापासून मागे. नळीच्या पुढे किंवा खाली कधीच नाही. 12 गेजचा आवाज तोंडाशी दीडशे डेसिबलच्या वर असतो आणि पुढे बसवलेली कुत्री सहा-सात वर्षांची होईतो बहिरी होतात. मग लोक म्हणतात, शिट्टी ऐकत नाही, हट्टी झाला. कुत्र्याच्या बाजूला आम्ही पाण्यात एक काठी रोवतो. त्या काठीच्या पुढे त्या अंगाला कोणाचीही नळी वळत नाही. दुसऱ्या शिकाऱ्याची बार टाकायची हद्द दुसऱ्या बाजूला. हे बोलून ठरवायचं, गृहीत धरायचं नाही.

7:10 झाले तरी पहिली दहा-पंधरा मिनिटं आम्ही बहुतेक पक्षी जाऊ देतो. काळ्या आकृतीत नर-मादी कळत नाही आणि मॅलार्डच्या माद्या दोनच चालतात. टील मात्र लहान आकार आणि वेगामुळे ओळखू येतात. एवढ्या वेळात कुत्र्याकडे बघून घ्यायचं. तो आपल्या आधी आकाश बघतो. त्याची मान एका दिशेने स्थिर झाली की तिकडून काहीतरी येतंय. कण्हत असेल तर त्या अवस्थेत त्याला कधीही पाठवायचं नाही. कण्हल्यावर पाठवलं की कण्हण्याचं फळ मिळतं हे तो शिकतो. मग ती खोड आयुष्यभर जात नाही.

कॉल, म्हणजे बदकाचा आवाज काढणारी शिट्टी, कमी वाजवायचा. थवा लांबून जातोय आणि शेपट्या दिसतायत, तर पाच उतरत्या स्वरांची हाक द्यायची. वळून तोंडं आपल्याकडे आली की गप्प. एकदा येऊ लागलेल्या बदकांना पुन्हा पुन्हा हाका मारल्या की ती आवाजाचं मूळ शोधतात आणि त्यांना दोन चेहरे दिसतात. चेहरा हा सगळ्यात मोठा घोटाळा. वर बघायचं तर टोपीच्या कडेखालून, डोळ्यांनी, मान न उचलता.

समजा चार मॅलार्ड एक घिरटी घालून मोकळ्या पाण्यावर पंख वाकवून, नारिंगी पाय खाली सोडून उतरतायत. तीन नर, एक मादी. एक जण हळूच "आता" म्हणतो. या दोन सेकंदांत निवडायचं असतं: पक्षी कोणता आणि तो पडणार कुठे. हिरव्या डोक्याचा नर आहे, पण डावीकडे पाणकणसावर वळला तर तो सोडून द्यायचा. उघड्या पाण्यावरचा घ्यायचा. थव्याकडे बघून बार टाकला की छर्रे हवेत जातात किंवा, त्याहून वाईट, तीन पक्ष्यांना एकेक छर्रा लागतो आणि तिघंही उडून जातात. एक पक्षी धरायचा, तो पडेपर्यंत त्याच्यावरच राहायचं. दोघांनी मिळून एका थव्यातून दोनच. एका कुत्र्याला दोन पडलेल्या जागा नीट लक्षात राहतात, तिसरी क्वचित.

पक्षी पडला की जल्लोष नाही. सेफ्टी लावायची आणि पाण्यावरच्या पक्ष्याकडे बघायचं. पोट वर, मान पाण्यात असेल तर तो मेला आहे. मान उंच आणि अंग चपटं करून पोहत असेल तर जखमी आहे. जखमीवर दुसरा बार ताबडतोब, तो बंदुकीच्या टप्प्यात आहे तोवर आणि कुत्रा अजून ठोकळ्यावर आहे तोवर. मानेच्या बुडाशी, पाण्याच्या रेषेवर नेम धरायचा. स्टीलचे छर्रे पाण्यावरून उसळी घेतात, म्हणून त्या दिशेला पलीकडच्या काठावर कोणी नाही हे आधी माहीत हवं. कुत्रा पाण्यात उतरल्यावर मात्र पाण्यावर बार नाही, जखमी पक्षी निसटत असला तरीही नाही.

मग पाच-दहा सेकंद थांबायचं. कुत्र्याच्या अंगाला कंप सुटलेला असतो, पण या थांबण्यातच तो जागा पक्की करतो. आपणही पलीकडच्या काठावर खूण धरायची: वाकलेलं झाड, पांढरा दगड, काहीही. मग कुत्र्याच्या डोक्याशेजारी हात धरून फक्त नाव, "मोती!" पडताना पाहिलेल्या पक्ष्यासाठी नाव आणि न पाहिलेल्यासाठी "बॅक", असे दोन वेगळे हुकूम ठेवले की कुत्र्याला पहिल्या शब्दातच कळतं, आठवणीवर जायचं की मालकाच्या हातावर.

दोन पक्षी पडले असतील तर एक अडचण हमखास येते. कुत्रा शेवटी पडलेल्याकडे आधी जातो, तोच त्याच्या डोळ्यात ताजा असतो. पण समजा शेवटचा मरून तरंगतोय आणि पहिला जखमी होऊन पाणकणसाकडे पोहतोय. आधी जखमी आणायला हवा. मेलेला कुठे जात नाही, वारा त्याला किनाऱ्याला लावेल. अशा वेळी कुत्र्याला तरंगणाऱ्या पक्ष्यापासून "नो" म्हणून तोडायचं, पाठवायचं नाही. आपण स्वतः अर्धी पावलं वळायचं, त्यालाही आपल्या पायाशी वळवून बसवायचं, त्याचा कणा आणि नाक दोन्ही जखमी पक्ष्याच्या रेषेत आली की मगच नाव घ्यायचं. नुसतं डोकं वळलेलं असून कणा जुन्या दिशेला असेल तर तो सुटताच जुन्या पक्ष्याकडे जाईल. ज्याला हे जमत नाही त्याने एका थव्यातून एकच पक्षी पाडावा. आम्ही नव्या कुत्र्याबरोबर पहिला हंगाम तसाच काढतो.

जखमी बदक पाणकणसात शिरलं की पुढचं काम नाकाचं. ते बुडी मारतं, पाण्याखालची देठं चोचीने धरतं आणि फक्त चोचीचं टोक वर ठेवतं, किंवा चालत काठावर जाऊन गवतात चपटं पडतं. बंदुका रिकाम्या करून आम्ही कुत्र्याला फिरवून वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणतो आणि मग गप्प उभे राहतो. इथे बहुतेक जण चुकतात. सारखी शिट्टी आणि हात केले की कुत्रा नाक सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतो. त्याला शोधू द्यायचं. आधी नाक उंच धरून तो नागमोडी पोहतो. मग अचानक वळतो, शेपटीचा वेग वाढतो, नाक पाण्याला टेकतं, फुरफुर आवाज येतो, आणि तो देठं मोडत एकाच जागी घिरट्या घालतो. वास तिथे पाण्यावर पसरलेला असतो. पक्षी दोन-तीन हात पुढे सरकलेला असतो. वीस मिनिटं लागली तरी लागू देतो, तोवर दुसरा थवा डोक्यावरून गेला तरी बंदूक भरत नाही. एवढं करूनही नाही सापडला तर तो पक्षी आम्ही आमच्या सहात धरतो.

परत येताना कुत्र्याने पक्षी पाठीवरून, अंगावरून धरलेला हवा. पंखाला धरला तर दुसरा पंख फडफडून त्याच्या डोळ्यावर बसतो. काठ लागला की त्याला अंग झटकायचं असतं आणि त्यासाठी तो पक्षी खाली ठेवतो. जिवंत पक्षी तेवढ्यात पाण्यात परत जातो. म्हणून हातात देईपर्यंत न सोडणं हे घरी, कोरड्यात, लाकडी डंबेलवर शिकवून ठेवलेलं असतं. नवीन कुत्रा असेल तर आपण दोन पावलं पाण्यात जाऊन घ्यायचा. पक्षी जिवंत असेल तर लगेच मान मोडून संपवायचा, त्रास लांबवायचा नाही. मग अंगठा आणि बोटांमध्ये बरगड्या दाबून बघायच्या. अख्ख्या असतील तर तोंड मऊ आहे. दोन-तीन पक्ष्यांच्या बरगड्या चुरलेल्या मिळाल्या तर त्या दिवशीच काम थांबवायचं आणि पुन्हा डंबेलकडे.

पायात अॅल्युमिनियमची कडी असेल तर तिचा नंबर सरकारी बँडिंग लॅबला ऑनलाइन कळवायचा. पक्ष्याला कडी कधी, कुठे घातली ते उलट उत्तरी कळतं.

थंडीकडे सकाळभर लक्ष हवं. निओप्रीनचं जॅकेट 3 ते 5 मिलिमीटरचं, छातीला घट्ट. सैल असलं तर आत पाणी भरतं आणि पोहताना ओझं होतं. काखेत घासत असेल तर कडा कापून घ्यायची. कुत्रा ठोकळ्यावर थोडा थरथरला तर उत्साह असू शकतो. पण थरथर थांबत नसेल, पावलं अडखळत असतील, पडलेल्या पक्ष्याकडे बघेनासा झाला असेल, तर शिकार तिथेच संपली. टॉवेल, गाडी, हीटर. कडेला पातळ बर्फ धरलं असेल तर त्यापलीकडच्या पक्ष्यावर बार टाकतच नाही. बर्फ कुत्र्याचं वजन पेलत नाही, आणि फोडून वर चढताही येत नाही. उलट हंगामाच्या सुरुवातीला, उन्हाचे दिवस असताना, पाण्यावर रंग सांडल्यासारखा हिरवा थर दिसला तर कुत्र्याला त्या तळ्याला तोंड लावू देऊ नये. निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष काही तासांत कुत्रा मारतं.

साडेनऊपर्यंत हालचाल थंडावते. मर्यादा भरली नाही तरी आम्ही आवरतो. प्रत्येकाचे पक्षी वेगळ्या पट्ट्यावर, एकत्र ढीग नाही, कारण मर्यादा माणशी असते. पक्ष्याचं डोकं किंवा एक पिसांसकट पंख घरी पोचेपर्यंत अंगाला ठेवावा लागतो, जात ओळखता यावी म्हणून. रिकामी काडतुसं वेचायची. नकली बदकांच्या दोरीतलं पाणगवत तिथेच सोडवून टाकायचं. मिनेसोटात पाणवनस्पती गाडीतून नेणं बेकायदा आहे, आणि एका तळ्याची कीड दुसऱ्याला अशीच जाते.

पक्षी घरी नेऊन लगेच साफ करतो, रबरी हातमोजे घालून. 2022 पासून इथल्या जंगली बदकांत बर्ड फ्लू आहे. त्यामुळे कुत्र्याला कच्चं काहीही द्यायचं नाही आणि तळ्यावर आधीच मरून पडलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही. मक्याच्या शेतात चरलेल्या मॅलार्डला छान चरबी असते, त्याची पिसं उपटून कातडी ठेवावी. बुडी मारणाऱ्या बदकांची कातडी काढलेलीच बरी, वास येतो. जिथे छर्रा शिरला तिथे आत ओढलेलं पीस सापडतं. ते चिमट्याने काढलं की त्याच्या टोकाला बहुतेक वेळा छर्राही मिळतो. स्टीलवर दात पडला तर दाताचाच तुकडा जातो. छातीचा भाग थंड तव्यावर कातडी खाली ठेवून मंद आचेवर, चरबी सुटेपर्यंत. सरकारी सूचना आत 165 अंश फॅरनहाइट होऊ देण्याची आहे. मांड्या चिवट असतात, त्यांना वाटणाच्या रश्श्यात दीड-दोन तास सावकाश शिजवावं.

हे सगळं कुत्र्याचं उरकल्यावर. गाडीपाशीच त्याला टॉवेलने कोरडं करतो, आधी कान. आतली ओल राहिली की दोन दिवसांत वास आणि खाज सुरू होते. मग डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून गवताचं बी बघायचं, बोटांच्या मधली कातडी, काखा, आणि ओठांच्या आत. पाणथळात मस्करॅट, रॅकून यांची लघवी मिसळलेली असते, म्हणून लेप्टोस्पायरोसिसची लस दर वर्षी. दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूट बुडापासून लुळी लोंबत असेल आणि बसताना तो कण्हत असेल तर हाड मोडलेलं नसतं बहुधा. गार पाण्यात फार पोहून शेपटीच्या बुडाचे स्नायू दुखावतात. पशुवैद्याला दाखवावं. विश्रांतीने काही दिवसांत शेपूट पूर्ववत होते, तोवर त्याला पाण्यात उतरवायचं नाही. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या मात्र चुकूनही देऊ नयेत, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक आहे.